कॉनीबायच्या लग्नातला बाजा

उत्तन, ४ नोव्हेंबर २०२५

प्रिय लेस्ली,

फोनवर तू दोन वाक्यं ऐकतोस आणि तिसऱ्याला कापतोस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद फार तर तू फाडशील. पण आपल्या घराण्यात कुणी न वाचता काही फाडत नाही, आधी वाचतं आणि मग रागावतं. तेव्हा वाच.

मोठीआय गेल्याचं कळवलं तेव्हा तू म्हणालास, "बरं. कळवलंस, थँक्स." सख्ख्या आजीच्या मरणाला थँक्स. ऑकलंडला पोचल्यापासून तू फार सभ्य झालायस.

विनवणी करायला मी हे लिहीत नाही. तू मातीला आला नाहीस, ते झालं. पण तुझ्यावाचून काही अडलं नाही, हे तुला कळायला हवं. शवपेटी घरातून निघाली तेव्हा पुढे बँड होता. तिनं स्वतः शिकवलेली सगळी मुलं होती, आणि कॉर्नेट जॉयसच्या हातात होतं. जॉयस म्हणजे कॉनीबायची मुलगी. तू गेलास तेव्हा ती शाळेत होती, आता मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. रात्रपाळी करून आली होती, डोळे सुजलेले, पण एक सूर हलला नाही. भाईंदरच्या बाजारातल्या हंसाबेन आल्या होत्या, ज्यांच्या दारात मोठीआयनं पन्नास वर्षं वाल आणि मुळा विकला. चर्चमध्ये पहिल्यांदाच आल्या असतील. मला विचारत होत्या, "अंदर चप्पल निकालने का क्या?" मी म्हटलं, मोठीआय नेहमी घालूनच यायची, तुम्हीही या.

मी घरी आल्यावर तिची ट्रंक उघडली नाही, कपाट आवरलं नाही. बसून फक्त आठवत राहिले. शाळेत मुलांना 'माझी आजी' हा निबंध देते तेव्हा सगळ्यांच्या आज्या एकसारख्या असतात, गोष्टी सांगतात आणि लाडू देतात. आपलीनं लाडू कधी केले मला आठवत नाही. तिनं आपल्याला कॉर्नेट फुंकायला दिलं होतं. तुला आठवतं? तू फुंकायचास आणि नुसती हवा यायची. ती म्हणायची, "ओठ घट धर रे, भात खायला न्हाय बसलास."

तुला तिचं तरुणपण कधी नीट सांगितलं गेलं नाही. तू ऐकायच्या वयात आलास तेव्हा तू तिच्याशी बोलणं टाकलं होतंस. म्हणून सांगते.

तिचे वडील गावच्या बँडचे मास्तर होते. मुलगा नव्हता. वाद्यं घरात, सराव अंगणात, आणि ही पाच-सहा वर्षांची पोर सगळं ऐकत बसलेली. वडिलांनी तिला कॉर्नेट शिकवलं ते घरातल्या घरात, खिडक्या लावून. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची आखूड बहीण. मुलीनं असलं तोंडानं फुंकायचं वाद्य वाजवणं तेव्हा कुणाला पटणारं नव्हतं. ती अठरा वर्षांची असताना गावच्या सणाला पहिला कॉर्नेटवाला गालगुंडानं पडला. दोन्ही गाल भोपळ्यासारखे. मिरवणूक निघायची वेळ झाली आणि वडिलांनी हिला हाक मारली. ती लुगडं खोचून, केसांत अबोलीचा वळेसर तसाच ठेवून, पुरुषांच्या रांगेत पुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं वाजवलं. चौकापासून चर्चच्या दारापर्यंत.

दुसऱ्या दिवशी फादरांनी बोलावून घेतलं. हे शोभतं का, वगैरे. वेदीच्या वर चित्र आहे बघ, ढगात तुतारी फुंकणारा देवदूत, लांब केसांचा. ही त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "फादर, ती तुतारीवाली बाईच दिसतं. तिला कोनी खाली उतरवली न्हाय."

फादर हसले म्हणे. आजोबा तिथे मेणबत्त्या ठेवायला आले होते, तेही हसले, आणि पुढच्या वर्षी लग्न झालं. ज्या घरात ती गेली त्या घराच्या दोन होड्या होत्या, आणि अशा घरच्या सुनेनं बाजा वाजवू नये असं सासूचं म्हणणं होतं. तिनं सासूशी वाद घातला नाही. सासूच्या भावाच्या मयतीला वाजवलं. इतकं वाजवलं की सासू रडता रडता म्हणाली, माज्या मयतीलापन तूच वाजव. मग कोण काय बोलणार.

चर्चमध्ये मोठीआयच्या महिन्याची मिस्सा २९ तारखेला आहे. कळवायचं म्हणून कळवलं.

तुझी बहीण,
क्लेअर

*

उत्तन, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय लेस्ली,

पहिलं पत्र अजून पोचलं नसेल. तरी दुसरं लिहायला बसलेय, कारण काल मुर्ध्याहून लवूकाका आले होते. ते आता सत्तरीपुढे गेलेत. मुर्ध्यात पूर्वी मिठागरं होती तिथे टॉवर होतायत, त्यांच्या घराच्या मागेच क्रेन उभी आहे. माणूस मात्र तसाच. दारात उभं राहून आधी समुद्राकडे बघतात, मग आत येतात.

पप्पांच्या होडीवरचे तेच एक वाचले होते. तुला तेव्हा वसईला मावशीकडे पाठवलं होतं, म्हणून पुढचे आठ-दहा दिवस तू पाहिलेच नाहीस. मी चौदा वर्षांची होते, मी पाहिले. पण त्या दिवसांत समुद्रावर काय झालं ते लवूकाकांनी काल पहिल्यांदा सविस्तर सांगितलं.

एवढं तुला माहीत आहे: पहाटेच्या धुक्यात मोठं जहाज अंगावर आलं, होडी उलटली. पप्पा सापडले, त्यांच्याबरोबरचे डुमिंगकाका सापडले नाहीत. लवूकाका रिकाम्या ड्रमला धरून राहिले म्हणून वाचले. पप्पांना माती दिली, आणि त्याच आठवड्यात मोठीआयनं आपली दुसरी होडी पाण्यात काढायला लावली. "बापाची माती ओली असताना तिनं होडी धंद्याला लावली," असं तू मम्मीच्या मातीच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला होतास. ती होडी मासे धरायला गेली नव्हती, लेस्ली. जाळं घरीच होतं. ती डुमिंगकाकांना शोधायला गेली होती, आणि मोठीआय स्वतः तिच्यावर होती.

बाईनं होडीवर चढायचं नाही, हा नियम तेव्हा सगळे पाळायचे. होडी चालवणारा तांडेल म्हणाला, कातरीनमाय, तू उतर, आम्ही बघतो. ती होडीच्या पुढच्या टोकाला, नाळीवर, जाऊन बसली होती. म्हणाली, "माजा सापडला. त्याला मी धुतला, कपडे घातले, माती दिली. डुमिंगच्या बायकोला काय देऊ? तुमी बघाल आनि दोन दिवसांनी परत याल. मी बघीन तर बघीन."

मग तिनं लवूकाकांना हाक मारली. ते बंदरावर लांब उभे होते. पाण्यातून काढल्यापासून पाण्याजवळ जायची त्यांची हिंमत होत नव्हती, लाटेचा आवाज आला तरी मागे सरायचे. ती म्हणाली, "लवू, तूपन ये."

"माय, मला नाय जमनार."

"आज न्हाय आलास तर कदीच न्हाय येनार. मग काय करशील, मिठागरात मीठ ओढशील? ये. माज्या बाजूला बस."

ते गेले. पहिल्या दिवशी तिला भयंकर उलट्या झाल्या. लवूकाका सांगत होते, हिनं तोंड धुतलं, सुक्या बोंबलाबरोबर भाकरी खाल्ली, आणि म्हणाली की आता दर्या आणि मी एकमेकांना ओळखतो. वर डहाणूपर्यंत गेले. प्रत्येक बंदराला होडी लावायची, उतरून बायकांना विचारायचं. पुरुषांना नाही. तिचं म्हणणं, किनाऱ्याला काय लागलं ते सकाळी बायकांना आधी कळतं. दुपारी ऊन चढलं की ती नाळीवरच रोझरी म्हणायची, आणि लवूकाका, हिंदू माणूस, तिच्याबरोबर म्हणायचे. अजून येते त्यांना. काल मला म्हणून दाखवली, मध्ये एके ठिकाणी अडकले, मी सांगितलं तर रागावले.

डुमिंगकाका सापडले नाहीत. ती परत आली तेव्हा तोंड उन्हानं काळं झालं होतं आणि ओठ फुटले होते. थेट त्यांच्या घरी गेली. मी तिच्या मागे होते. डुमिंगकाकांच्या बायकोसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी बघितला. जेवडा दर्या मना दिसला तेवडा बघितला." बस्, एवढंच.

लवूकाका पुढल्या हंगामात पुन्हा खलाशी म्हणून गेले. पुढे म्हातारपणापर्यंत गेले.

देवावर तिचा राग होता का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. म्हणाली, "होता की. रोज भांडायची. पन भांडायला तरी जवल जायला लागतं." मला हे वाक्य वर्गात सांगावंसं वाटतं, पण पोरं हसतील.

ती नुसती दुःखाचीच होती असं समजू नकोस. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती घोडबंदर रोडला काम काढायची. काम काही नसायचं. पालिकेच्या बसनं वरसाव्याला जायचं, पुलावरून खाडी बघायची, पुढे चेण्याला ओळखीच्या बाईकडे जेवायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत. कंडक्टर विचारायचा, "अम्मा, किधर?" ही म्हणायची, "जिधर गाडी जाएगा." मी ओरडले तर म्हणाली, "तू शाळेत जातंस, मी बसमंदी जातंय."

क्लेअर

*

उत्तन, १९ नोव्हेंबर २०२५

प्रिय लेस्ली,

हे पत्र मी स्वतःहून लिहीत नाहीये. कॉनीबायनं लिहायला सांगितलंय. ती आत्ता माझ्यासमोर बसून लसूण सोलतेय, आणि मी प्रत्येक परिच्छेद तिला वाचून दाखवतेय. तिनं हो म्हटलं तरच पुढे जाते.

सरळ मुद्द्यावर येते. तू मोठीआयशी बोलणं का टाकलंस ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तू वसईहून परत आलास, पप्पांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आणि तू काय पाहिलंस? आपल्या आजीनं काळं उतरवून लाल लुगडं नेसलंय. आजोबा गेल्यापासून न नेसलेलं. केसांत फुलं. आणि ती लग्नाच्या मिरवणुकीच्या पुढे कॉर्नेट वाजवत चाललीय. तू नऊ वर्षांचा होतास. तू तिचं लुगडं धरून ओढलंस, तिनं तुला बाजूला केलं आणि वाजवत राहिली. मी हे दृश्य विसरले नाही, तर तू कसा विसरशील. आणि मग मम्मीच्या मातीला तू तिला म्हणालास, "माझ्या बापाच्या मढ्यावर बाजा वाजवणारी बाई." ती काय म्हणाली तेही तुला आठवत असेल. "जेवलास का?"

ते लग्न कॉनीबायचं होतं. डुमिंगकाकांच्या मुलीचं. हेही तुला माहीत होतं, आणि म्हणून तुझा कॉनीबायवरही राग होता, की बाप समुद्रात आणि ही नटून बसली.

आता जे माहीत नाही ते. लग्न ठरलेलं होतं. चर्चमध्ये घोषणा होऊन गेल्या होत्या. डोंगरीचा मुलगा, जहाजावर नोकरीला, सुट्टी संपत आलेली. त्यात हे घडलं. मुलाकडचे म्हणाले, दुखवटा आहे, वर्षभर थांबू. रीत म्हणून त्यांचं बरोबरच होतं. पण कॉनीबायला दिवस गेले होते.

(इथे मी थांबले आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "लिही. त्यात काय. जॉयस तीस वर्षांची झाली, तिला मीच सांगितलंय तिच्या लग्नाच्या वेळी.")

तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. होणाऱ्या नवऱ्यालाही नाही. तो जहाजावर गेला असता आणि वर्षानं आला असता. ती वीस वर्षांची होती, वडील गेलेले, आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. एका दुपारी ती बंदराच्या मागे खडकांकडे चालली होती. कशासाठी, ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोठीआय तिथे वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढत होती. तिनं हिला बघितलं, चालण्यावरून की चेहऱ्यावरून कोण जाणे, आणि हातातली टोपली खाली ठेवून म्हणाली, "कितवा महिना?"

कॉनीबाय म्हणते, तेवढं ऐकून ती तिथेच वाळूत बसली.

मोठीआय त्याच दुपारी फादरांकडे गेली, मग डोंगरीला मुलाच्या घरी. मुलाची आई कडक होती. म्हणाली, तुमच्या आणि डुमिंगच्या घरात दुखवटा, मिरवणूक नाही, बाजा नाही, मग ते कसलं लग्न? हवं तर गुपचूप उरकू. मोठीआयला गुपचूप नको होतं. गुपचूप लावलेल्या लग्नाचे दिवस गाव बोटांवर मोजतं. तिला बाजा हवा होता, मिरवणूक हवी होती, चारशे माणसं हवी होती. तिनं त्या बाईला सांगितलं, "डुमिंगनं लग्नाची तारीख काडली, ती बदलायची न्हाय. त्याला अजून कोनी मेलेला बघितला न्हाय. आनि दुखवटा मोठा माज्या घरान हाय. पेटी माज्या घरातून गेली. मी बाजा घेऊन पुढे चालली तर मागून कोन बोलनार?"

कोणी बोललं नाही. ज्या बाईनं नुकताच मुलगा पुरलाय ती लाल लुगडं नेसून पुढे वाजवतेय म्हटल्यावर बाकीच्यांना तोंड उघडायची सोयच राहिली नाही. जे बोलले ते तिच्याबद्दल बोलले. म्हातारीला वेड लागलं म्हणाले, काळीज नाही म्हणाले. कॉनीबायकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मोठीआयला तेच पाहिजे होतं.

आणि मम्मी. तुला वाटतं मम्मी त्या दिवसांत आत बसून नुसती रडत होती आणि सासूचं हे सगळं सहन करत होती. तू मम्मीची बाजू घेऊन भांडलास. लेस्ली, लग्नाचा गाऊन मम्मीनं शिवला होता. आधीच शिवून तयार होता, आणि त्या आठवड्यात तिनं काळ्या कपड्यांत मशीनवर बसून त्याची कंबर उसवली आणि सैल केली. तिला माहीत होतं. आपल्या घरात ते दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मोठीआयला. मला आत्ता कळलं.

मी कॉनीबायला विचारलं, इतकी वर्षं लेस्लीला का नाही सांगितलंस. ती म्हणाली की तिनं दोनदा प्रयत्न केला. एकदा तू कॉलेजात असताना, एकदा मम्मीच्या मातीनंतर. दोन्ही वेळा मोठीआयनं अडवलं. कॉनीबायनं तिला शब्द दिला होता, आणि गाव लहान आहे. दुसऱ्या वेळी म्हणाली, "तो माज्यावर रागावला हाय, रागावू दे. नातू आजीवर न्हाय रागावनार तर कोनावर रागावनार? तुज्या पोरीला कोनी काय बोलला तर मना चालनार न्हाय."

आता मोठीआय गेली, तिला दिलेला शब्द संपला, असं कॉनीबायचं म्हणणं. तिनं हे सगळं ऐकून मान हलवली आहे. खाली सही कर म्हटलं तर म्हणाली, हात लसणाचे आहेत.

मी तुला दोष देत नाही. नऊ वर्षांच्या मुलानं जे पाहिलं ते पाहिलं. पण आता तू चाळिशीचा आहेस.

क्लेअर

*

उत्तन, २ डिसेंबर २०२५

प्रिय लेस्ली,

फोनबद्दल लिहितेय, कारण फोनवर आपण दोघं धड काही बोललो नाही.

शनिवारी मिस्सा झाली. चर्च भरलं होतं. मी घरी येऊन चहा ठेवत होते आणि तुझा फोन आला. तू म्हणालास, "मम्मीला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. मग बराच वेळ नुसता तुझ्याकडचा रस्त्याचा आवाज येत होता. मी कापला नाही. तूही कापला नाहीस. चहा उतू गेला, तरी मी उभीच होते.

मग तू म्हणालास, "तिनं मला सांगायला हवं होतं. मी कुणाला बोललो नसतो."

यावर मला म्हणायचं होतं. आता म्हणते. तू बोलला नसतास हे खरं. पण तू मोठा होताना कॉनीबायकडे, आणि नंतर जॉयसकडे, रोज कसा बघितला असतास? मोठीआयनं त्या पोरीला कॉर्नेट शिकवलं, आपल्या ओसरीवर. तू तिथून जाताना दार आपटायचास. पण ते दार तिच्यासाठी आपटत नव्हतास, मोठीआयसाठी आपटत होतास. जॉयस त्यातून सुटली. मोठीआयनं निवडलं, लेस्ली, आणि तिला किंमत माहीत होती. तुला विचारून निवडलं नाही, हा तिचा गुन्हा असेल तर आहे. मला ती देवमाणूस वाटत नाही. हट्टी होती, घरातल्यांना गृहीत धरायची, आणि आपल्याला सगळं समजतं असं तिला वाटायचं. बहुतेक वेळा समजायचंही.

तिकिटाचं तू म्हणालास. नाताळात घर मोकळंच आहे. मी गादी उन्हात टाकलीय. येतोस म्हणून नाही, उन्हात टाकायला झालीच होती.

क्लेअर

*

उत्तन, ५ जानेवारी २०२६

प्रिय लेस्ली,

तू पोचल्याचा मेसेज मिळाला. पत्रांची सवय लागली म्हणून, आणि तू निघाल्यावर इथे एक गोष्ट झाली ती तुला सांगायची म्हणून, हे लिहितेय.

पहिल्या दिवशी तू कॉनीबायच्या दारात उभा राहिलास तेव्हा मी मुद्दाम मागे थांबले होते. तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. तिचं ऐकू आलं. "आत ये, बाहेर काय बोलतोस, कुत्रा अंगावर येईल." मग तुला बोंबलाचं कालवण आणि भात वाढला, आणि तू ताट उचलायला गेलास तर हातावर चापट मारली. मला तेव्हाच कळलं की झालं.

लवूकाकांबरोबर तू होडीनं खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलास. काय बोललात दोघं, हे त्यांनी मला सांगितलं नाही. म्हणाले, "नाय, काय नाय, उलट्या केल्या त्यानं." मी म्हटलं, मग आजीवर गेला.

पण सांगायचंय ते स्वयंपाकघरातल्या त्या दुपारचं पुढचं. जॉयसनं विचारलं होतं ना, की माझ्या मम्मीच्या लग्नात मोठीआयनं वाजवलं काय होतं? ती इतकी वर्षं तिच्याकडे शिकली, पण ती धून तिला कधी शिकवली नाही. मला आठवेना. बँडमधल्या म्हाताऱ्यांपैकी आता कुणी उरलं नाही. कॉनीबाय म्हणायची, मला त्या दिवशीचं काहीच ऐकू आलं नव्हतं, नुसतं डोकं गरगरत होतं. आणि तू, खिडकीकडे पाठ करून बसलेला, कांदा कापता कापता गुणगुणायला लागलास. सबंध. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत. तुलाच कळलं नाही तू काय करतोयस. मग मान वर केलीस आणि म्हणालास, "ते संपतच नव्हतं. मी भिंतीशी कान झाकून उभा होतो आणि ते संपतच नव्हतं. म्हणून पाठ झालं असेल."

जॉयसनं तुझ्याकडून ते दोनदा गाऊन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कबरीपाशी वाजवलं. तू टोपी काढून उभा होतास. छान वाजलं. कॉनीबाय तेव्हा नव्हती, नातवाला ताप म्हणून दवाखान्यात गेली होती. तिनं ते ऐकलं नव्हतं.

परवा तू विमानतळावर गेलास आणि संध्याकाळी जॉयस आपल्या ओसरीवर तेच घोळवत बसली होती. कॉनीबाय तिला जेवायला बोलवायला आली. फाटकापाशी तिचा पाय थबकला. एक हात फाटकावर, आणि दुसरा पोटावर, आपसूक. जॉयस शेवटपर्यंत आली तरी ती तशीच. मग म्हणाली,

"धून बरोबर हाय. पन घाई करतंस."

जॉयस म्हणाली, लेस्लीमामानं असंच गायलं.

"त्याला काय माहीत, लहान होता तो. ती सावकाश वाजवत होती. मी दोन दिवस जेवली नव्हती, पाय उचलत नव्हता. मी जेवडं पाऊल टाकायची तेवडंच ती वाजवायची आनि थांबायची, माझा पाय पडेपर्यंत. मागे वळून बघत पन नव्हती. नुसतं ऐकत होती. पुन्हा वाजव. सावकाश."

जॉयसनं पुन्हा वाजवलं. सावकाश. खूपच सावकाश होतं, लेस्ली. ते लवकर संपण्यासारखं नव्हतंच.

तुझी,
क्लेअर